सुनेची फुप्फुसं

सासूबाईंची फुप्फुसं न्यूमोनियाने निकामी झाली होती. म्हणून आयसीयूत त्यांचं रक्त नळीतून शेजारच्या पलंगावरच्या हेमलताकडे जायचं, तिच्या फुप्फुसांतून प्राणवायू घ्यायचं आणि परत यायचं. असा श्वास कुणीही निरोगी माणूस देऊ शकतो, हे संशोधकांनी सिद्ध केलं होतं. तो सुनेनेच द्यायचा, हे घराघरांनी आपापलं ठरवून टाकलं.

"वहिनी, तुमचा दम दांडगा आहे. मला जिना चढतानाही धाप लागते," दीर म्हणाला. तो रोज सकाळी क्रिकेट खेळायचा.

सासूबाई वाचल्या. पेढे वाटले.

महिन्याभरात हेमलताचे वडील त्याच आयसीयूत आले. ती एकुलती एक. ती सरळ शेजारच्या पलंगावर जाऊन पडली. नर्सने तिला उठवलं.

"ताई, एकदा दिलं की वर्षभर देता येत नाही. तुमची फुप्फुसं अजून सावरलेली नाहीत. दुसरं कोणी आहे?"

हेमलताने नवऱ्याकडे पाहिलं. किशोर खिडकीबाहेर बघत होता.

"आपल्यात जावई सासऱ्याला असलं काही देत नाही गं. लोक तोंडात शेण घालतील. आणि आईला आत्ता कुठे बरं वाटतंय, मी आडवा झालो तर तिचं कोण बघणार?"

"बरं," हेमलता म्हणाली.

ती वडिलांच्या उशाशी बसली. त्यांनी तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला. एकेक शब्द ओढत विचारलं,

"जावईबापू... जेवले का?"

"जेवले," ती म्हणाली आणि मास्क नीट बसवला.