माधवरावांची सूचना

आंदर मावळातल्या त्या वळणावर पोचताच अपूर्वाच्या मोबाइलवरच्या नकाशात वडिलांची ओळ उमटली : ‘पुढे रस्ता कच्चा आहे. गाडी इथेच लावावी. – माधवराव.’ निवृत्तीनंतर मावळभर हिंडून त्यांनी या ॲपसाठी अशा कितीतरी सूचना लिहिल्या होत्या. त्यांना जाऊन एक पावसाळा उलटला होता, आणि ती ओळ पाहायलाच ती इथवर आली होती.

पुढे मात्र चांगला डांबरी रस्ता होता.

“लय दिस झालं रस्ता होऊन,” वळणावर चहा विकणाऱ्या बयाबाई म्हणाल्या. “तरी लोक मोबाइल बघून हितंच गाड्या लावत्यात, पोरं कडेवर घेऊन चालत जात्यात. आन् परत येऊन मलाच बोलत्यात, जसं काय मीच लिवलंय. परवा एकानं तर त्यो नकाशाच मोबाइलातनं काढून टाकला.”

अपूर्वाला हसू आलं आणि लगेच विरलं. एक सूचना खोटी निघाली की माणसं बाकीच्या खऱ्याही मानत नाहीत, असं बाबा म्हणायचे. स्वतःची चूक त्यांनी कधीच तशी राहू दिली नसती.

ओळीखाली ॲपने विचारलं होतं, ‘ही माहिती अजून बरोबर आहे का?’ तिने ती ओळ मनातल्या मनात बाबांच्या आवाजात पुन्हा एकदा वाचली आणि ‘नाही’वर बोट ठेवलं. ओळ पुसली गेली.

‘धन्यवाद. सूचना लिहिणाऱ्याला तसं कळवलं आहे.’

तिच्या पर्समध्ये, रोज न चुकता चार्ज केलेला, बाबांचा फोन वाजला.