लसूणघासाचा भाव

थोरल्याने गंजीत खुपसलेली लोखंडी सळई ओढून काढली आणि लगेच खाली टाकली. तळहाताला चटका बसला होता. दोन दिवसांपासून वखारीत तंबाखू भाजल्यासारखा वास येत होता. बायकोने दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा त्याने कानाआड केलं. लसूणघासाचे पाचशे गठ्ठे छपरापर्यंत रचलेले होते. शेवटची कापणी ढगाळ हवेत झाली, घास पुरता वाळला नाही, म्हणून तर मातीमोल भावात मिळाला होता. आत कोंडलेला तो ओलावा आता गंजीच्या पोटात तापत होता.

आणि त्याला आधी आठवला तो आजचा भाव.

हिवाळ्यात घासाला कुत्रं विचारत नाही, सगळीकडे हिरवंच असतं. उन्हं तापली, कुरणं करपली, की तेच लोक दारात येऊन उभे राहतात. भाव दुपटीवर गेला होता आणि थोरला अजून पंधरा दिवस कळ काढणार होता.

त्याने बाजारातल्या अडत्याला फोन लावला, सगळा माल आजच्या आज उचल म्हणाला. आवाज जमेल तितका सहज ठेवला. अडत्या हसला. आज ट्रक मोकळा नाही, उद्या पाठवतो, आणि एवढी घाई कसली, उद्या भाव आणखी वर असेल, असं सांगून त्याने फोन ठेवला.

फाटक करकरलं. रिकामी हातगाडी घेऊन धाकटा भाऊ आला होता.

धाकट्याच्या गोठ्यात सात गायी होत्या, त्यातल्या चार उरल्या होत्या. महिनाभर तो दर मंगळवारी यायचा, जुन्या भावाने दहा गठ्ठे मागायचा, आणि थोरला त्याला हात हलवत परत पाठवायचा. घरच्याला स्वस्त दिलं की बाजारभर बोभाटा होतो, हे त्याचं ठरलेलं उत्तर. आज धाकट्याने जुन्या भावाचं नावच काढलं नाही. खाली बघत म्हणाला, असेल तो भाव देतो. एक गाय कालपासून उठत नव्हती. नुसत्या गवताच्या काड्या चघळून वासराला पाजत होती बिचारी, तिच्या अंगात काही उरलंच नव्हतं.

"हवे तितके ने," थोरला म्हणाला. "जुन्याच भावाने."

धाकट्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भावाच्या दंडाला हात लावून तो वखारीत शिरला. थोरला दारातच खिळून राहिला. कडेचे गठ्ठे चांगले आहेत, त्यांना काही झालेलं नाही, असं तो मनाशी घोकत होता. पाच गठ्ठे हातगाडीवर गेले. सहावा ओढताना धाकट्याचा हात फटीत आतपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

त्याने वाकून वास घेतला. मग वळून पाहिलं.

"दादा, कधीपासून?"

थोरल्याने चटका बसलेला हात पाठीमागे नेला.

धाकट्याने परत विचारलं नाही. हातगाडी फाटकाबाहेर लोटली, वहिनीला हाक मारून आगीच्या बंबाला फोन करायला सांगितलं, शर्ट काढून हौदात बुचकळला आणि तोंडाला बांधला. गंजी उघडली तर वारा आत शिरेल, भडका उडेल, थोरला कसाबसा म्हणाला. नाही उघडली तरी उडणारच आहे, धाकटा म्हणाला, निदान कडेचे तरी वाचवू.

दोघे भाऊ गठ्ठे ओढत राहिले. वहिनी पाइप धरून पाणी मारत होती. आधीचे थर हिरवे निघाले, मग तपकिरी, मग काळे, हात लावताच भुगा होणारे. चार महिने जपलेला माल थोरल्याच्या बोटांतून गळत होता. खोकल्याने त्याचा जीव घुसमटला, तरी तो आत-आत शिरत होता. मग मधला थर खचला आणि जाडजूड कापड फाटावं तसा आवाज झाला. ज्वाळ एकदम छपराला भिडली. धाकट्याने कमरेला मिठी घालून ओढलं म्हणून थोरला बाहेर आला. स्वतःहून तो मागे फिरला नसता.

बंब आला तेव्हा छप्पर बसलं होतं. अंगणात शंभरेक गठ्ठे पाण्याने निथळत पडले होते. भिजलेला घास दोन दिवसांत बुरसतो, आणि बुरसलेला जनावरापुढे टाकता येत नाही. ठिणग्या उडत होत्या म्हणून बंबवाल्यांनी फाटकाबाहेरच्या हातगाडीवरही पाणी मारलं होतं.

दुपारी अडत्या मोटारसायकलवरून आला. दोघे भाऊ पायरीवर बसले होते, डोक्यापासून पायापर्यंत काळे. अडत्याने फार वाईट झालं म्हणून हळहळ केली, राखेभोवती एक चक्कर मारली. मग जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, की बाजारात बातमी पोचली आहे. एवढा माल एकदम गेला म्हटल्यावर भाव तासाभरात चढला.

थोरल्याने गुडघ्यांत मान घातली.

धाकट्याने तोंडावरचा ओला शर्ट सोडला, फाटकाबाहेरच्या भिजलेल्या पाच गठ्ठ्यांकडे पाहिलं.

"किती झाला?" त्याने विचारलं.