तोंडातला बोल्ट

'बाबा, तो बोल्ट आधी तोंडातून काढा!' मृणाली किंचाळली.

सायकली दुरुस्त करताना हात मोकळे राहावेत म्हणून तुळाजी चाळीस वर्षं बोल्ट असाच ओठांत धरत आला होता. पण आज त्या बोल्टला जिवंत ग्रीस लागलेलं होतं. रेवदंड्याच्या खाऱ्या हवेत सायकलीची पोलादी फ्रेम आणि ॲल्युमिनियमची सीटदांडी यांच्यात बारीकशी वीज खेळते आणि धातू पोखरला जातो. हे ग्रीस ती वीजच पिऊन टाकायचं, आणि पिताना हिरवं चमकायचं.

तुळाजीने बोल्ट थुंकला. मृणालीने त्याचा जबडा उघडून पाहिलं. जिभेवर हिरवा ठिपका होता आणि तो घशाकडे सरकत होता. ग्रीस विजेचा माग काढत जातं. बाबांच्या छातीत तर गेल्याच वर्षी पेसमेकर बसवला होता.

'पाणी दे गं,' तुळाजी घाबरून म्हणाला.

'पाण्याने आत जाईल ते!'

तिने लोखंडी खिळ्याला ॲल्युमिनियमची तार गुंडाळली, मिठाच्या पाण्यात बुडवली आणि त्याच्या जिभेवर धरली. जन्मभर ज्या गंजाशी बापलेक झगडले, त्यालाच आज ती आमिष म्हणून लावत होती. ठिपका थबकला, मागे वळला आणि तारेवर चढला. तिने झटकन तार बाहेर ओढली.

'सुटलो बाबा!' तार दूर फेकत ती म्हणाली.

तुळाजी मात्र हलला नाही.

'मृणाली,' तो हळूच म्हणाला, 'सकाळपासून तोंडात धरलेला हा चौथा बोल्ट होता.'

छातीवर हिरवी चमक दिसते का ते पाहायला मृणालीने त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण सोडलं.