पडद्यामागचा दिवा

आवडत्या दुकानात जुना जपानी कागदी पडदा दिसताच संग्राहकाने नाक मुरडले.

"अस्सल आहे, साहेब," दुकानदार म्हणाला.

"अस्सल म्हणजे काय, हे तुम्ही मला शिकवणार?" तो सोबत आलेल्या बायकोकडे वळला. "अगं, दिवा घेऊन मागे जा आणि डोक्यामागे उंच धर. कागदाची ठिगळं दिसतील. एवढं तरी जमेल ना?"

बायको दिवा घेऊन पडद्यामागे गेली. उजेडात ठिगळ एकही दिसले नाही. उमटली ती केवळ तिची सावली.

"भिकार नक्कल!" त्याने तरीही निकाल दिला.

तेवढ्यात बायको बाहेर येऊन शेजारी उभी राहिली आणि तिने त्याचा हात घट्ट धरला. तिच्या तोंडाकडे बघण्याची तसदी त्याने नेहमीप्रमाणे घेतली नाही.

कागदावरची सावली मात्र हलली नव्हती.

"अहो," पडद्यामागून बायकोने विचारले, "झालं का बघून? हात भरून आला माझा."