माणूस वर हाय

"हात हटाव," म्यानेजर साहेब दुसऱ्यांदा म्हणला.

किशनरावनं बिजलीच्या बंद खटक्याची दांडी सोडली न्हाई. दांडीला आश्रुबाचा पटका बांधलेला होता, अन् आश्रुबा तिकडं पिंगळीच्या रस्त्याला खांबावर तार जोडायला चढलेला. परभणीच्या बिजलीघराची रीतच होती ती. वर चढणाऱ्यानं डोक्याचा पटका खटक्याला बांधून जायचं, परत येऊन सोडायचा बी त्यानंच. तवर दांडी ओढून तारंत बिजली सोडायला देवाला बी मनाई.

जुने मालक व्यंकटराव होते तवर ह्या रीतीपुढं कुणी ब्र काढत नव्हतं. गावात अंधार पडला, लोक शिव्या देत आले, तर व्यंकटराव कंदील घेऊन दारात बसायचे. "माणूस वर हाय," एवढंच म्हणायचे. लोक गपगुमान माघारी. मग त्यांनी बिजलीघर हैदराबादच्या एका कंपनीला विकलं. कंपनीनं आल्या आल्या भिंतीला घड्याळ ठोकलं. उजेडाला उशीर झाला की जुर्माना. दुसऱ्याची चूक साहेबाच्या कानावर घालणाऱ्याला बढती. आधी सगळे एकाच फडक्यावर भाकरी सोडायचे. आता जो तो भिंतीकडं तोंड करून खायचा.

"तालुकदार साहेबांच्या बंगल्यावर दावत आहे," कारकून दत्तोपंत किशनरावच्या कानाशी लागला. "मोठमोठी माणसं अंधारात बसलीत. अहो, आश्रुबा उतरला असेल केव्हाच. बसला असेल बिडी ओढत."

"असंल," किशनराव म्हणला. "आला की ओढतो दांडी."

"और नहीं आया तो?" साहेबानं इचारलं.

"तर न्हाई ओढत."

"फिर घर जाओ. कल से मत आना."

 किशनरावची सगळी जवानी ह्या इंजनाच्या धुरात गेलती. शेत नव्हतं, दुसरा हुन्नर नव्हता. घरी बायकोला, मनकर्णाला, काय सांगायचं? दांडी ओढायला तसा जोर बी लागत न्हाई. पण डोळ्यापुढं आश्रुबा दिसायलाय, दोन्ही हात तारंवर.

"बरं," तो म्हणला. "उद्यापासनं येत न्हाई. पण आश्रुबा येऊस्तोवर इथनं हालत बी न्हाई."

साहेब दत्तोपंताला घेऊन पाय आपटीत निघाला, बंगल्यावर माफी मागायला.

लय येळानं आश्रुबा आला. खांद्यावरची लोखंडी साखळी त्यानं खाली टाकली, पटका सोडला. किशनरावनं दांडी ओढली. गाव उजळलं.

"ही साखळी कशाला रं?"

"चढायच्या आधी तारंवर टाकतो. दुसरं टोक जमिनीत गाडायचं. मग इकडनं कुणी दांडी ओढली तरी बिजली साखळीतनं जमिनीत जाईल, इंजन बंद पडंल, मला काय बी होत न्हाई."

"कवापासनं?"

"कंपनी आली तवापासनं."



"आरं, पण दांडीपाशी मी असतो की."

आश्रुबा पटका डोक्याला गुंडाळायला लागला. त्याच्याकडं न बघताच म्हणला,

"म्हणून तर. तू बी आता कंपनीचाच माणूस की."