साजूक तुपातला उपास

वत्सलाबाईंच्या पोटावरून यंत्र फिरवता फिरवता सिस्टर थबकल्या. "पित्ताशय रिकामं कसं? उपाशी राहायला सांगितलं होतं ना?"

"सोमवारचा उपासच आहे हो. फक्त साबुदाण्याची खिचडी खाल्ली."

"तूप घालून?"

"साजूक."

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. तूप पोटात गेलं, की साठलेलं पित्त तिथंच खर्ची पडतं. ते पित्त सुईनं काढून वत्सलाबाईंच्या यजमानांना देत होते; त्यातल्या आम्लांमुळेच त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आजारात जळायच्या वाचत होत्या. आज शेवटचा डोस मिळाला असता, तर ते जंतूंपासून जपणाऱ्या काचेच्या खोलीतून घरी येणार होते.

काचेपलीकडून फोनवर त्यांनी विचारलं, "म्हणजे आज नाही?"

"माझंच चुकलं. उद्या निर्जळी करते."

"पाणी पी गं. खिचडी तरी जमली होती का?"

"तुम्ही सांगितल्याशिवाय मला कधी कळलंय?"