तिसरी कॉफी

संगीतशाळेत तीस वर्षं फरशी पुसून निवृत्त झालेल्या हस्नियाकडे तिथलेच शिक्षक, संगीतकार वेहिदसर, कबुली द्यायला आले. पहिली कॉफी तब्येतीच्या चौकशीत संपली. दुसरी ओतताना तिनं विचारलं, “सर, तुमची नवी रचना रेडिओवर ऐकली हो! चाल कुठून सुचली?” जिना पुसताना ती गुणगुणायची तीच ही चाल, तिच्या आईची अंगाई. वर्गाच्या दाराआडून ऐकून सरांनी ती कागदावर उतरवली होती. “सुचली आपली, पियानोपाशी बसल्या बसल्या,” त्यांच्या तोंडून निघून गेलं. “देवाची देणगी!” हस्निया हसली. दुसरी अर्धीही संपली नव्हती, तरी तिनं तिसरी आणून ठेवली. तिसरी म्हणजे पाहुण्यानं उठायचं, हे सारायेव्होत शेंबडं पोरही जाणतं. मान वर न करता त्यांनी ती संपवली. जिना उतरताना वरून अंगाई ऐकू आली, त्यांना न गवसलेल्या शेवटासकट.